गाड्या विकण्याआधी फाटकावरची वही काढा

प्रश्न असा आहे: कोल्हापूरला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंगचं मशीनिंग करणारा कारखाना. घरच्या पाच गाड्या, तीन आयशर ट्रक आणि दोन छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो. माल मुख्यतः पुण्याकडे चाकण-भोसरीला, आठवड्यातून एखादी खेप तमिळनाडूत होसूरला. ड्रायव्हर टिकत नाहीत, डिझेलचा मेळ लागत नाही, रात्री दोनला घाटात गाडी बंद पडली की फोन मालकालाच. आता एका मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीचा माणूस सांगून गेलाय की गाड्या काढून टाका, सगळं आमच्याकडे द्या, वाहतुकीचा खर्च 15 टक्क्यांनी उतरेल. द्यावं का?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. होसूर आजच बाहेर द्या. पुणे लाईन द्या, पण टप्प्याटप्प्याने, आणि एकाच्याच हातात नको. छोटे हत्ती देऊ नका. आणि ते 15 टक्के सध्या डोक्यातून काढून टाका, कारण कशाचे 15 टक्के हे ना त्याला माहीत आहे, ना (रागावू नका) तुम्हाला.

मी या धंद्यात आले ती बिलांमुळे. 2003 मध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले. वाहतुकीची बिलं तपासणं हे तिथलं सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणून ते नव्या मुलीच्या टेबलावर आलं. ग्रीसचे डाग पडलेल्या बिल्ट्या (माल गाडीत भरल्याच्या पावत्या), पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या कागदावर, न वाचता येणारी सही, हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांचे, वाद. चार-पाच वर्षांत त्या कागदांवरूनच कळायला लागलं की कुठला ग्राहक गाडी ताटकळत ठेवतो आणि आपलंच कुठलं खातं खोटं बोलतं. पुढे डिस्पॅच हातात आलं, आणि आता काही वर्षं हेच काम सल्लागार म्हणून करते. त्यामुळे माझा कल कागदाकडे असतो, हे धरून वाचा.

घरच्या गाडीचा खर्च कधी एका ठिकाणी दिसत नाही. डिझेल एका खात्यात, ड्रायव्हर पगारपत्रकात, टायर मेंटेनन्समध्ये, हप्ता बँकेत, विमा आणखी कुठे, आणि खंबाटकीत कुणाला घासल्यावर जागीच मिटवलेले पैसे ‘किरकोळ’मध्ये. हे सगळं एका कागदावर आणा. गोकुळ शिरगाव ते चाकण जाऊन-येऊन साधारण साडेपाचशे किलोमीटर धरू. भरलेली आयशर लिटरला साडेपाच देते असं मानलं तर शंभर लिटर डिझेल, म्हणजे नव्वदच्या भावाने 9,000 रुपये. वर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे चार टोल, दोन्ही बाजूंनी. ड्रायव्हरचा भत्ता. हा झाला चालता खर्च. गाडी चालो न चालो, जो लागतोच तो उभा खर्च वेगळा: हप्ता, पगार, विमा, परमिट, फिटनेस, घसारा. समजा तो गाडीमागे महिन्याला 75,000 येतो. महिन्याला 22 खेपा झाल्या तर खेपेवर 3,400 रुपये बसतात. 12 झाल्या तर 6,250. गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच, आणि खेपेमागे 2,800 रुपयांचा फरक. आकडे तुमचे घाला, पण गणित हेच राहील.

तेव्हा पहिला प्रश्न हा की तुमच्या आयशर महिन्याला किती खेपा मारतात, आणि कमी मारत असतील तर का. याचं उत्तर रस्त्यावर सापडत नाही. वॉचमनच्या वहीत सापडतं.

आमच्याकडे हाच ‘द्यावं का’चा विषय निघाला तेव्हा मी तीन आठवड्यांची गेट रजिस्टरं घेऊन बसले. गाडी सकाळी साडेनऊला आत, बाहेर पडायची संध्याकाळी सात-साडेसातला. दहा तास! माल तयार नसायचा. माल तयार असला तर तपासणीचा शिक्का नसायचा. शिक्का असला तर इन्व्हॉइस काढणारा मुलगा जेवायला गेलेला. सातला निघालेली गाडी मध्यरात्रीनंतर कधीतरी पुण्याला लागायची, ड्रायव्हर पेंगायचा, पहाटेची उतरवून घ्यायची वेळ हुकायची आणि गाडी दुपारपर्यंत ग्राहकाच्या फाटकाबाहेर रांगेत. परत येईपर्यंत तिसरा दिवस उजाडलेला. सगळे म्हणायचे ड्रायव्हर कामचुकार आहेत. घरची गाडी उभी राहिली तर तिचं बिल कुणी पाठवत नाही, म्हणून ती फुकट उभी आहे असं वाटतं, एवढंच.

बाहेरची गाडी मात्र बिल पाठवते. आम्ही वाहतूक बाहेर दिली त्या पहिल्या महिन्यात हॉल्टिंगचा आकडा पाहून संचालकांनी मला बोलावून घेतलं. ट्रान्सपोर्टर लुटतोय, असं त्यांचं म्हणणं. मी रजिस्टर पुढे ठेवलं. त्यानंतर इन्व्हॉइसचा मुलगा आणि तपासणीवाला एकाच वेळी जेवायला जाणं बंद झालं, आणि चार महिन्यांत हॉल्टिंग जवळपास संपलं. मला आजही वाटतं की वाहतूक बाहेर दिल्याचा आम्हाला झालेला सगळ्यात मोठा फायदा तो होता, आणि खरं तर गाड्या न विकताही तो मिळाला असता.

म्हणून तुम्हाला सांगते, निर्णय घेण्याआधी एक महिना नुसती वही ठेवा: गाडी आत कधी, भरायला सुरुवात कधी, कागद हातात कधी, बाहेर कधी, ग्राहकाकडे पोचली कधी, रिकामी कधी. महिन्याअखेर खेपांचा आकडा वीसच्या आसपास असेल आणि तरीही खर्च जास्त वाटत असेल, तर बाहेर देण्यात अर्थ आहे. बारा-तेरा असेल तर आधी फाटक दुरुस्त करा, नाहीतर तेच दुखणं हॉल्टिंगच्या नावाने विकत घ्याल.

आता त्या 15 टक्क्यांकडे येते. बाहेरचा माणूस तुमच्यापेक्षा स्वस्तात गाडी कशी देऊ शकतो? डिझेल त्यालाही त्याच भावाने मिळतं, टोल तोच. त्याची कमाई परतीच्या मालात असते. तुमची गाडी चाकणहून रिकामी येते. त्याची गाडी पुण्याहून काहीतरी भरून कोल्हापूर, बेळगाव किंवा पुढे कुठेही जाते. दोन बाजूंचं भाडं मिळतं म्हणून जातानाचं भाडं तो कमी लावू शकतो. यात फसवणूक काही नाही, धंदाच असा चालतो.

पण तुम्ही कास्टिंग कशात पाठवता? लोखंडी बिनमध्ये, म्हणजे मोठ्या पेट्यांत, आणि ते बिन परत यायला हवेत. रिकाम्या बिनांनी भरलेली गाडी परतीचा माल घेऊ शकत नाही. म्हणजे जिथून बचत यायची तीच जागा तुमच्या रिकाम्या बिनांनी अडवलेली. तुमच्या प्रश्नात बिनांचा उल्लेख नाही, आणि माझी खात्री आहे की त्या माणसाच्या प्रस्तावातही नसेल. त्याला पहिलाच प्रश्न हा विचारा. दर ‘फक्त जाण्याचा’ असेल तर बिन परत आणण्याचं भाडं वेगळं लागेल, आणि ते धरल्यावर 15 टक्क्यांतले किती उरतात ते बघा. मार्ग निघतो. घडी होणारे किंवा एकात एक बसणारे बिन केले तर तीन गाड्यांचे रिकामे बिन एका गाडीत येतात. दोन गाड्या परतीच्या मालाला मोकळ्या होतात. बिन बदलायला पैसे लागतात, पण ते एकदाच. तोवर बिनांची मोजदाद मात्र स्वतःकडे ठेवा. मोजणारा कुणी नसला की ते ग्राहकाच्या आवारात कचरापेट्या होतात. मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथेच बहुतेक करार कुजतात. तुम्ही ज्या मोठ्या कंपनीशी करार कराल तिच्या मालकीच्या गाड्या थोड्या असतात किंवा नसतातच. ती काम खालच्या ट्रान्सपोर्टरला देते, तो नाक्यावरच्या दलालाला, दलाल एक गाडी असलेल्या मालकाला. फाटकात येते ती मार्केटचीच गाडी. या मार्केटच्या गाडीची रीत जुनी आहे: माल भरला की 80-90 टक्के भाडं रोख किंवा लगेच खात्यावर, उरलेलं पोच परत आल्यावर. आणि तुम्ही वरच्या कंपनीला पैसे किती दिवसांनी देणार? 60? 90? मधल्या दिवसांचं व्याज कुणीतरी भरतंय, आणि ते फिरून तुमच्याच दरात येतं. जिथे येत नाही तिथे त्याहून वाईट होतं.

एकदा आमच्या गाडीचा दोन दिवस पत्ता नव्हता. जीपीएस कराडजवळच्या एका ढाब्यावर दाखवत होतं. लॉजिस्टिक्सवाले म्हणाले इंजिनचं काम निघालंय. शेवटी आमचाच माणूस मोटारसायकलवर गेला. इंजिन ठणठणीत होतं. ड्रायव्हरच्या मालकाचे मागच्या चार खेपांचे पैसे मधल्या माणसाने अडकवले होते, म्हणून त्याने गाडी उभी केली होती, आमचा माल आत ठेवून. त्याची चूक मी फारशी मानत नाही. त्याच्याकडे दाबायला दुसरं काय होतं? पण पुण्यात ग्राहकाची उत्पादनाची लाईन थांबायची वेळ आली आणि डेबिट नोट (नुकसानीचे पैसे आमच्या बिलातून कापल्याची चिठ्ठी) आमच्या नावावर फाटली. तेव्हापासून माझा नियम: वाहतुकीचे पैसे 30 दिवसांत, पोच जोडलेलं बिल आलं की विषय संपला. दरात त्याबदल्यात सूट मागा, मिळते. शिवाय ट्रान्सपोर्टर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे ठेवता येत नाहीत. ठेवले तर तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरता येतो. तुमच्या सीएंना विचारा, त्यांना पाठ असेल. करारात दोन वाक्यं घालून घ्या: काम दोनपेक्षा जास्त हातांतून खाली जाणार नाही, आणि आपसातल्या थकलेल्या पैशांसाठी आमचा माल अडवला जाणार नाही.

तिसरं, नुकसान झालं तर कोण देणार. विक्रीला आलेला माणूस म्हणतो, ‘जबाबदारी पूर्ण आमची.’ बिल्टीची मागची बाजू वाचा. तिथे बहुधा ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असं छापलेलं असतं. छापलेलं काहीही असो, 1865 च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आणि त्याचे नियम असे आहेत की मालाची जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर ठरवला नसेल, तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. भाडं 20,000 असेल तर 2 लाख. तुमच्या गाडीत माल आठ-दहा लाखांचा असतो. पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर, पाठवलेल्या हजार रुपये भाड्याच्या पेटीचं तर विचारूच नका. तेव्हा ट्रान्झिट विम्याची ओपन पॉलिसी, म्हणजे सगळ्या खेपांना मिळून एकच विमा, स्वतःच्या नावाने घ्या. गाड्या विकल्या म्हणून ती बंद करू नका. नुकसान दिसलं की पोचेवर तिथल्या तिथे शेरा, आणि बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस. नोटीस दिली नाही तर पुढे दावा करता येत नाही, आणि विमा कंपनीही त्यावरून हात आखडता घेते.

दर ठरवताना डिझेलचं सूत्र लिहूनच घ्या, नाहीतर दर दोन महिन्यांनी चहा-बिस्किटांवर तीच चर्चा. साधं सूत्र पुरतं: भाड्यातला डिझेलचा वाटा 45 टक्के धरला, करार केला त्या दिवशीचा भाव 90, तो 94 रुपये 50 पैसे झाला म्हणजे 5 टक्के वाढला, 20,000 च्या भाड्यावर वाढ 450 रुपये. भाव उतरला तर तेवढेच कमी. हे दुसरं वाक्य ते विसरतात, तुम्ही विसरू नका. माल चढवण्या-उतरवण्याची हमाली (वाराई) कुणाची, पुण्याच्या बाजूला माथाडीचा प्रश्न आला तर कुणी बघायचं, हेही तिथेच लिहा. दोन कोटेशनची तुलना जीएसटी वगळून करा, कारण कुणी कर स्वतः लावतो आणि कुणाच्या बाबतीत तो आरसीएमने, म्हणजे उलट आकारणीने, थेट सरकारला तुम्ही भरता.

ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याबद्दल थोडकंच. ते तुम्हीच काढा. चाकणचं अंतर 200 किलोमीटरच्या वर असल्याने मुदत दोन दिवसांची मिळते, आणि वाटेत गाडी बदलली तर त्याच्या पार्ट-बी मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलात, नवा नंबर चढवायलाच लागतो. ट्रान्सपोर्टरने माल परस्पर दुसऱ्या गाडीत टाकला आणि नंबर बदलला नाही, तर अडवली जाते ती तुमची खेप.

आता कुणाला काय द्यायचं. होसूर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. तुमची आयशर तिकडे गेली की चार-पाच दिवस पुणे लाईनला एक गाडी कमी. आठवड्यातून एका खेपेसाठी हे परवडत नाही. त्या लाईनवर नियमित गाड्या असलेला ट्रान्सपोर्टर बघा, संपला विषय. छोटे हत्ती उलट. शिरोलीला हीट ट्रीटमेंट, उद्यमनगरात टूल, दुपारी प्लेटिंगचा माल. ही धावपळ कुणालाच नीट देता येत नाही, कारण तिचं वेळापत्रकच नसतं.

पुणे लाईन दोघांत वाटा. एक मोठी कंपनी आणि एक कोल्हापूरचाच, पाच-पंधरा गाड्यांचा मालक, जो रात्री स्वतः फोन उचलतो. प्रमाण साठ-चाळीस ठेवा की सत्तर-तीस, ते तुमच्या मालावर आहे. महिन्याला तीस खेपांच्या खाली असाल तर दोघांत वाटण्याइतकं काम नाही, मग मी स्थानिक माणूसच निवडीन. मोठ्या कंपनीच्या यादीत तुम्ही इतके खाली असता की दिवाळीच्या आठवड्यात तुमची गाडी सगळ्यात आधी रद्द होते. आणि एक आयशर घरची ठेवा, सगळ्यात नवी. तिच्यामुळे खरा खर्च कळत राहतो, आणि दर वाढवायला आलेल्या माणसासमोर तुमच्याकडे बोलायला आकडा असतो. विकलेली गाडी पुन्हा घ्यायची म्हणजे नवा हप्ता, नवा ड्रायव्हर, सहा महिने.

सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा नदीच्या दक्षिणेकडचे आपण सगळे पुण्यापासून तुटलो होतो. त्या वेळी कुठलाही करार कामाला येत नाही. कामाला येतो पाणी चढायच्या आधी पुण्याच्या बाजूला टाकून ठेवलेला माल. चाकणमध्ये गोदामासह सेवा देऊ, असं मोठी कंपनी म्हणत असेल तर बारा महिन्यांचं घेण्याआधी पावसाळ्यापुरती जागा मागून बघा. ग्राहक रोज थोडा थोडा माल मागत असेल तरच कायमचं गोदाम परवडतं.

शेवटचं तुमच्या ड्रायव्हरांबद्दल, कारण प्रश्नात तुम्ही त्यांच्याबद्दल फक्त तक्रार केलीत. गाड्या कमी केल्या तर त्यांची नियमाने होणारी देणी वेळेवर द्या, आणि ट्रान्सपोर्टर त्यांना कामावर घेतो का ते करार करतानाच विचारा. बऱ्याचदा घेतो, त्यालाही माणसं हवीच असतात. पण एकाला थांबवून घ्या. आमच्याकडे एक ड्रायव्हर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. वीस वर्षं पुणे लाईनवर. गाड्या गेल्यावर त्यांना डिस्पॅचच्या केबिनमध्ये खुर्ची दिली, तेव्हा कारखान्यात हशा पिकला होता. मामांना कॉम्प्युटर येत नव्हता. पण भोसरीच्या कुठल्या फाटकात सहाच्या आधी गाडी लागली तर लगेच रिकामी होते, कुठला स्टोअरवाला शनिवारी सही करत नाही, ‘टायर फुटलाय’ म्हणणारा ड्रायव्हर खरंच टायर बदलतोय की जेवतोय, हे त्यांना फोनवरच्या आवाजावरून कळायचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी हॉल्टिंगची अकरा बिलं परत पाठवली, प्रत्येकावर पेन्सिलने एका ओळीचं कारण लिहून. ती अकराही ट्रान्सपोर्टरने मुकाट्याने मागे घेतली.